शेवाळ्याच्या पोथींतील क्षेपक

जुन्या पोथ्या चाळणारांस क्षेपक हा शब्द नवा नाहीं. मूळ ग्रंथकाराच्या हातचा नसलेला, पुढें कोणा नकलकारानें किंवा टीकाकारानें मजकुरांत घातलेला भाग म्हणजे क्षेपक. संशोधक दोनचार प्रती शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहतो. एकींत असलेला भाग दुसरींत नाहीं असें दिसलें कीं त्यास संशय येतो, आणि पुरेसा पुरावा मिळाल्यावर तो भाग तो कंसांत घालतो. परंतु एवढ्यानें त्याचें काम पुरें होत नाहीं. हा भाग केव्हां शिरला, कोठून आला, आणि इतकीं वर्षें तेथें राहिल्यामुळें ग्रंथाच्या वाचनांत कांहीं फरक पडला काय, हे प्रश्न उरतातच. नेमके हेच प्रश्न डबक्यांतील हिरव्या शेवाळ्यांविषयीं शास्त्रज्ञ १९७८ पासून विचारीत आले आहेत. सृष्टींत जें जें आहे तें तें कोणत्या तरी उपयोगासाठींच असलें पाहिजे, असा आपणां सर्वांचा एक सोयीस्कर समज असतो. या समजास त्या चौकशीनें जो धक्का दिला, तो सुशिक्षित कुटुंबांतील वाचकांनीं जाणून घ्यावा इतका महत्त्वाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

आधीं ही पोथी कोठें असते तें पाहूं. वनस्पतीच्या पेशींत सूर्यप्रकाश धरून अन्न तयार करणारीं जीं सूक्ष्म हिरवीं अंगें असतात, त्यांस हरितलवकें म्हणतात. हीं मूळचीं पेशीचीं नसून बाहेरून आलेल्या जीवांचीं वंशज असावींत, अशी शंका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिम्पर यांनीं १८८३ मध्यें बोलून दाखविली. रशियांतील मेरेश्कोव्स्की यांनीं १९०५ मध्यें ती उघडपणें मांडली. आणि पुष्कळ काळ अडगळींत पडलेली ही कल्पना अमेरिकेंतील लिन मार्गुलिस यांनीं १९६७ मध्यें पुराव्यानिशीं पुन्हां पुढें आणली. आज ती सर्वमान्य आहे. अतिप्राचीन काळीं एका पेशीनें एक नीलहरित जीवाणु गिळला. तो पचला नाहीं, आंतच राहिला, आणि पाहुण्याचा घरजांवई झाला. येतांना त्यानें आपली पोथी, म्हणजे आपला डीएनए, बरोबर आणला होता. कालांतरानें तिचीं बहुतेक पानें यजमानाच्या केंद्रकांत गेलीं. थोडीं मात्र अद्यापि हरितलवकांतच आहेत.

हीं उरलेलीं पानें वाचण्याचें काम ज्या शेवाळ्यावर विशेषेंकरून झालें, त्याचें नांव क्लॅमिडोमोनस. ही एकाच पेशीची वनस्पति. तिला पोहण्यासाठीं दोन चाबकासारखे तंतु, आणि पेलीच्या आकाराचें एकच मोठें हरितलवक. प्रयोगशाळांतून आज जो वंश वाढवितात, तो १९४५ मध्यें गिल्बर्ट स्मिथ यांनीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, ॲम्हर्स्ट गांवाजवळच्या बटाट्याच्या शेतांतील मातींतून मिळविला असें सांगतात. अंधारांत ठेवून बाहेरून अन्न पुरविलें तरी हें शेवाळें जगतें; म्हणून त्याचें हरितलवक बिघडवून काय होतें तें पाहतां येतें. मोठ्या झाडावर असा प्रयोग करूं गेल्यास झाडच मरेल. रूथ सेगर यांनीं १९५४ मध्यें दाखविलें कीं, या शेवाळ्याचे कांहीं गुण दोहों पालकांकडून न येतां एकाच पालकाकडून येतात. याचा अर्थ केंद्रकाबाहेर कोठें तरी आणखी एक पोथी असली पाहिजे. १९६२ मध्यें रिस आणि प्लाउट यांस ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं हरितलवकांत दिसली, आणि पुढच्याच वर्षीं सेगर आणि इशिदा यांनीं ती वेगळी करून काढली. तींत सुमारें दोन लक्ष तीन हजार अक्षरें आहेत, आणि जनुकें शंभराच्या आंतबाहेर.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. १९७७ पर्यंत जनुक म्हणजे अखंड वाक्य असें सर्व शास्त्रज्ञ मानीत. पेशी डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरविते, आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिन घडविते, हा क्रम जीवाणूंवरील प्रयोगांनीं ठरून गेला होता. त्या वर्षीं अमेरिकेंतील दोन ठिकाणीं, फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळांत, ॲडेनोव्हायरस नांवाच्या विषाणूवर काम चालू होतें. तयार झालेली आरएनएची नक्कल मूळ डीएनएशीं जुळवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, तेव्हां डीएनएचे कांहीं भाग जोडीदार न सांपडल्यामुळें फांसासारखे बाहेर लोंबतांना दिसले. मूळांत असलेला मजकूर नकलेंत नव्हता. पेशीनें आधीं सबंध नक्कल उतरवून मग तींतील मधले भाग छाटले होते, आणि उरलेलीं टोंकें सांधलीं होतीं. खलाशी दोराचीं दोन टोंकें एकमेकांत गुंफून सांधतात, त्या कामास इंग्रजींत जो शब्द आहे तोच या क्रियेस मिळाला : स्प्लायसिंग. आम्ही तिला सांधणी म्हणूं. वॉल्टर गिल्बर्ट यांनीं १९७८ मध्यें छाटल्या जाणाऱ्या भागास इंट्रॉन व राहणाऱ्या भागास एक्झॉन अशीं नांवें दिलीं. या लेखापुरतें इंट्रॉनला क्षेपखंड आणि एक्झॉनला मूलखंड म्हणण्यास हरकत नाहीं. शार्प व रॉबर्ट्स यांस या शोधाबद्दल १९९३ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

हा शोध ताजा असतांनाच, १९७८ मध्यें, स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा येथें झां-दाव्हीद रोशे आणि पिया माल्नो यांनीं क्लॅमिडोमोनसच्या हरितलवकांतील एका मोठ्या जनुकांत असाच क्षेपखंड असल्याचें जाहीर केलें. जनुक सामान्य नव्हतें. प्रथिनें घडविणाऱ्या यंत्राचा, म्हणजे रायबोसोमचा, तो एक मुख्य भाग होता. घरजांवयाचे पूर्वज जीवाणु, आणि जीवाणूंचीं जनुकें तर अखंड मानलेलीं. मग हा तुकडा मध्येंच कोठून आला? पुढें त्याचीं अक्षरें मोजलीं तेव्हां तीं ८८८ भरलीं. शिवाय या क्षेपखंडाच्या पोटांत स्वतःचें एक लहानसें जनुक आहे असें १९८५ मध्यें आढळून आलें. क्षेपकानें आपली निराळी मुद्रा बरोबर आणावी तसा हा प्रकार होता. त्याचा उलगडा पुढें येईल.

क्षेपखंड छाटतो कोण, या प्रश्नाचें उत्तर कोणाच्या कल्पनेंत नव्हतें. अशीं कामें प्रथिनेंच करितात हा त्या काळचा सिद्धांत होता. १९८२ मध्यें टॉमस चेक यांनीं टेट्राहायमीना नांवाच्या एकपेशीय प्राण्यांतील एक क्षेपखंड घेऊन दाखविलें कीं, कोणत्याही प्रथिनाच्या मदतीवांचून आरएनए स्वतःच आपणांतील क्षेपखंड छाटतो आणि टोंकें सांधतो. या कामाचा गौरव सिडनी आल्टमन यांच्यासमवेत १९८९ च्या नोबेल पारितोषिकानें झाला. चेक यांच्या शोधाच्याच वर्षीं फ्रान्समध्यें फ्रांस्वा मिशेल आणि त्यांचे सहकारी निरनिराळे क्षेपखंड घेऊन त्यांच्या घड्या कशा पडतात हें ताडून पाहत होते. क्षेपखंडांचीं दोन घराणीं आहेत असें त्यांस दिसलें. पहिल्या घराण्यांत ग्वानोसीन नांवाचा एक सुटा रेणु येऊन पहिला घाव घालतो. दुसऱ्या घराण्यांत क्षेपखंडाच्या पोटांतीलच एक अक्षर हें काम करितें, आणि सुटलेला तुकडा फांसाच्या आकाराचा होतो. हरितलवकांत दोन्ही घराणीं नांदतात. जिनीव्हा येथें सांपडलेला तुकडा पहिल्या घराण्यांतील निघाला, आणि तोही कांचेच्या नळींत आपणहून सांधला जातो हें १९९१ मध्यें सिद्ध झालें.

आतां उपयोगाच्या प्रश्नाकडे वळूं. प्रकाश धरणाऱ्या यंत्रांत एक प्रथिन असें आहे कीं, तें कडक उन्हांत सारखें झिजतें आणि सारखें नवें घालावें लागतें. त्याच्या जनुकास पीएसबीए म्हणतात. पालकासारख्या जमिनीवरील वनस्पतींत हें जनुक अखंड आहे. क्लॅमिडोमोनसमध्यें मात्र जीन एरिक्सन, मिशेल राहीर व रोशे यांस १९८४ मध्यें त्यांत चार मोठे क्षेपखंड सांपडले. ज्या जनुकाची नक्कल पेशीस सर्वांत अधिक वेळां उतरवावी लागते, त्यांतच चार अडथळे! यांत कांहीं हेतु असला पाहिजे असें कोणासही वाटेल. आणि १९९७ मध्यें टेक्ससमधील डेव्हिड हेरिन यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, या क्षेपखंडांची सांधणी उजेडांत कित्येक पटींनीं वेगानें होते. हेतु सांपडला असें म्हणण्यास ही जागा होती.

परंतु दुसरीकडे एक निराळाच पुरावा तयार होता. १९८८ मध्यें बॉइंटन आणि गिल्हम यांनीं सँफर्ड यांच्या यंत्राच्या साह्यानें, डीएनए लावलेले धातूचे सूक्ष्म कण बंदुकीसारखे मारून, या शेवाळ्याच्या हरितलवकांत बाहेरचा डीएनए घालण्याची युक्ति साधली होती. तिच्या आधारें जर्मनींत योहानिंगमायर व हाइस यांनीं १९९३ मध्यें चारही क्षेपखंड वगळलेलें पीएसबीए जनुक शेवाळ्यास दिलें. शेवाळें प्रकाशावर सुखानें वाढलें. याच्या उलट, २००३ मध्यें हेरिन यांच्याच प्रयोगशाळेनें क्षेपखंड जागीं ठेवून त्याची सांधणी मंदावेल असे बदल केले, तेव्हां शेवाळ्याची वाढ खुंटली. या दोन प्रयोगांचा मेळ घातला म्हणजे गोष्ट स्पष्ट होते. क्षेपखंड नसला तर कांहीं बिघडत नाहीं. असून नीट छाटला गेला नाहीं तर बिघडतें. पाहुणा नसला तरी घराचें अडत नाहीं, पण आला आहे तर त्याची व्यवस्था पाहणें भाग आहे, अशांतलाच हा प्रकार होय.

याहून विलक्षण हकीकत पीएसएए या दुसऱ्या जनुकाची आहे. त्याचें प्रथिनही प्रकाश धरण्याच्या कामीं मुख्य. १९८७ मध्यें उलरिख क्यूक, ईव्ह शोके, पिएर बेनून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें वाचलें, तेव्हां त्याचे तीन तुकडे झालेले दिसले. पहिला मूलखंड अवघ्या ८६ अक्षरांचा. दुसरा त्याच्यापासून सुमारें पन्नास हजार अक्षरें दूर. आणि तिसरा दुसऱ्यापासून आणखी सुमारें नव्वद हजार अक्षरें पलीकडे. म्हणजे एका वाक्याचे तीन भाग पोथीच्या तीन निरनिराळ्या पानांवर. प्रत्येकाची नक्कल स्वतंत्र उतरते, आणि मग या वेगवेगळ्या नकलांचीं टोंकें शोधून तीं सांधावीं लागतात. दोन तुकड्यांमधला क्षेपखंडही अर्थातच फुटलेला असतो. त्याचे फुटके भाग एकमेकांस बिलगले म्हणजेच दुसऱ्या घराण्याची ती ठराविक घडी पडते आणि घाव बसतो. पहिल्या सांध्याच्या बाबतींत दोन फुटके भागही पुरेनात असें आढळलें. १९९१ मध्यें मिशेल गोल्डश्मिट-क्लेरमाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, हरितलवकांत तिसऱ्याच ठिकाणीं टीएससीए नांवाचा एक लहान आरएनए तयार होतो, आणि त्याच्यावांचून हा सांधा जुळत नाहीं. एक क्षेपखंड, तोही तीन ठिकाणीं विखुरलेला.

ही मोडकी व्यवस्था चालविण्यास किती हात लागतात हेंही त्याच मंडळींनीं १९९० मध्यें मोजलें. त्यांनीं ज्या शेवाळ्यांत पीएसएएची सांधणी बंद पडली होती तीं जमविलीं, आणि बिघाड कोठें आहे तें शोधलें. केंद्रकांतील निदान चौदा जनुकें या एका कामास लागतात असें निघालें. कांहींवांचून पहिला सांधा अडतो, कांहींवांचून दुसरा, आणि कांहींवांचून दोन्ही. यांतील आरएए-टू नांवाचें प्रथिन १९९९ मध्यें हातीं आलें. त्याची ठेवण आरएनएच्या अक्षरांत विशिष्ट फेरफार करणाऱ्या एका जुन्या प्रथिनासारखी होती. मग हें तेंच काम करीत असेल काय? शास्त्रज्ञांनीं त्याचें फेरफार करणारें अंग निकामी करून पाहिलें, तरी सांधणी पूर्ववत् चालू राहिली. जुन्या प्रथिनाचा जुना धंदा सुटला होता, आणि तें या नव्या चाकरींत रुजू झालें होतें. ज्या जनुकानें मुळांत मोडावयासच नको होतें, त्याच्या डागडुजीसाठीं पेशीनें आपल्या जुन्या कारभाऱ्यांस असें कामाला लाविलें आहे.

आतां क्षेपखंडांच्या पोटांतील त्या लहानशा जनुकाकडे परत येऊं. कॅनडांत क्लोद लेमियू आणि रॉबर्ट ली यांनीं क्लॅमिडोमोनसच्या दोन जातींचा संकर केला होता. एका जातींत रायबोसोमच्या जनुकांत एक क्षेपखंड होता, दुसरींत तो नव्हता. संततींत दोन्ही प्रकार आढळावेत अशी कोणाचीही अपेक्षा असणार. परंतु जवळजवळ सर्व संततींत क्षेपखंड शिरलेला होता. हें त्यांनीं १९८७ मध्यें प्रसिद्ध केलें. कारण पुढें कळलें. क्षेपखंडांतील जनुकापासून कात्रीसारखें एक प्रथिन तयार होतें, आणि तें क्षेपखंड नसलेल्या प्रतींत नेमक्या त्याच जागीं छेद घेतें. पेशी तो छेद बुजवूं लागते, आणि बुजवितांना समोरची क्षेपखंडयुक्त प्रतच नमुना म्हणून वापरते. नकलकारास फसवून क्षेपक सर्व प्रतींत पसरावा, तसें हें आहे. जिनीव्हाच्या क्षेपखंडाची कात्री सुमारें बावीस अक्षरांची खूण ओळखते, आणि इतकी लांब खूण ओळखणारी म्हणून ती जनुकें कापण्याच्या कामीं फार उपयोगी पडली. कॅनडाच्या क्षेपखंडाची कात्री जीवाणूंच्या रायबोसोमच्या जनुकांतच छेद घेते. म्हणून १९९३ पासून साल्मोनेलासारख्या जीवाणूंच्या पोथ्यांचे नकाशे काढण्यास तिचा उपयोग झाला. शेवाळ्यास ज्याचा लाभ दिसत नाहीं, तें माणसाच्या कामीं आलें.

अशा पसरत जाणाऱ्या क्षेपकांस कोणी आवर घातला नाहीं तर काय होतें, याचें उदाहरण युग्लीना हा एकपेशीय जीव. तो स्वतः हिरव्या शेवाळ्यांतला नव्हे. परंतु त्याचें हरितलवक एका हिरव्या शेवाळ्यास गिळून मिळविलेलें असावें, असें सारा गिब्स यांनीं १९७८ मध्यें सुचविलें, आणि तें खरें ठरलें. रिचर्ड हॅलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ मध्यें या हरितलवकाची १,४३,१७० अक्षरांची संपूर्ण पोथी प्रसिद्ध केली. तींत सुमारें दीडशें क्षेपखंड निघाले, आणि पोथीचा पांचांत दोन इतका भाग त्यांनींच व्यापलेला. कित्येक ठिकाणीं तर क्षेपखंडांत क्षेपखंड आहे. आंतला आधीं छाटल्यावांचून बाहेरचा छाटतां येत नाहीं.

इतकें पाहिल्यावर सर्वच क्षेपखंड अलीकडे आलेले उपरे आहेत असें मत होण्याचा संभव आहे. पण तेंही घाईचें होईल. १९९० मध्यें अमेरिकेंतील दोन गटांनीं दाखविलें कीं, ल्यूसीन वाहणाऱ्या आरएनएच्या जनुकांतील एक क्षेपखंड आजच्या नीलहरित जीवाणूंत आणि हरितलवकांत अगदीं एकाच जागीं आहे. म्हणजे तो घरजांवयाबरोबरच घरांत आलेला दिसतो. त्याच वर्षीं मॅनहार्ट आणि पामर यांनीं आणखी दोन क्षेपखंड घेतले. ते जमिनीवरील वनस्पतींत आहेत, आणि कोलिओकीट व नायटेला या हिरव्या शेवाळ्यांतही आहेत. परंतु इतर पुष्कळ शेवाळ्यांत नाहींत. वृक्षवेलींचे पूर्वज शेवाळ्यांच्या कोणत्या शाखेंतले, या जुन्या वादांत ही खूण मोलाची ठरली. उलट नेफ्रोसेल्मिस या आदिम हिरव्या शेवाळ्याची पोथी मोनिक तुर्मेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ मध्यें वाचली, तेव्हां तींत एकही क्षेपखंड नव्हता. तात्पर्य, प्रत्येक क्षेपखंडाचा इतिहास वेगळा आहे, आणि तो प्रत ताडूनच ठरवावा लागतो.

या सर्व हकीकतीचा आपल्या स्वतःच्या देहाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. तो संबंध दूरचा नाहीं. आपल्या पेशींच्या केंद्रकांतील जनुकें क्षेपखंडांनीं भरलेलीं आहेत. त्यांचा सुटलेला तुकडाही फांसाच्या आकाराचा असतो, आणि तो छाटणाऱ्या यंत्रांत पांच लहान आरएनए असतात. हे पांच आरएनए म्हणजे दुसऱ्या घराण्याच्या एका जुन्या क्षेपखंडाचे विखुरलेले तुकडे असावेत, अशी कल्पना शार्प यांनीं १९९१ मध्यें मांडली. शेवाळ्यांतील तीन ठिकाणीं फुटलेला क्षेपखंड म्हणजे त्या मार्गावरील जणुं एक मुक्काम. हें मत आज बहुतेकांस ग्राह्य वाटतें.

मग उपयोगाविषयीं काय म्हणावयाचें? १९९९ मध्यें आर्लिन स्टॉल्टझफुस यांनीं जें मत मांडलें, त्याच्याशीं आम्ही सहमत आहों. एखादी बिनकामाची भर प्रथम पडते. ती निभावून नेण्यास घरांत कोणी तरी आधींच समर्थ असतो, म्हणून ती टिकते. टिकली म्हणजे तिच्यावर दुसरी भर पडते, आणि शेवटीं या सर्व आधारांवांचून घर उभें राहीनासें होतें. पीएसएएच्या सेवेंतील तीं चौदा जनुकें आज अत्यावश्यक आहेत यांत शंका नाहीं; परंतु त्यांच्यामुळें शेवाळ्यास इतरांहून कांहीं अधिक मिळालें असें दिसत नाहीं. जी वनस्पति हें जनुक अखंड बाळगते, तिचेंही काम तितकेंच चांगलें चालतें. आवश्यक असणें आणि उपकारक असणें या दोन गोष्टी एक नव्हत.

आमच्या समजुतीनें हा धडा शेवाळ्यापुरता नाहीं. संस्था, चालीरीति, कायदे यांविषयीं बोलतांना, अमुक गोष्ट इतकीं वर्षें टिकली त्या अर्थीं ती हिताचीच असली पाहिजे, असा युक्तिवाद आपण नेहमीं ऐकतों. आणि जुनें तें सर्व निरुपयोगी, कापून टाका, असेंही ऐकतों. शेवाळ्याची पोथी दोघांसही सबुरीचा सल्ला देते. क्षेपक म्हणून ओळखला गेलेला भाग मूळचा नसेल, पण त्यावर आज काय काय टेंकलेलें आहे तें पाहिल्यावांचून कात्री चालवूं नये. आणि त्यावर पुष्कळ कांहीं टेंकलें आहे एवढ्यावरून त्यास मूळ ग्रंथकाराची सही लावूं नये. पीएसबीएचे चार क्षेपखंड काढून टाकतां आले, ते कोणाच्या मतावरून नव्हे, तर काढून पाहिल्यावरून. प्रत ताडणें, पुरावा तपासणें, आणि करून पाहणें, याहून दुसरा मार्ग या शेवाळ्याच्या अभ्यासकांनीं धरला नाहीं. आणि बटाट्याच्या शेतांतील मातींतून उचललेल्या त्या हिरव्या कणानें त्यांस निराशही केलें नाहीं.